मोठं पिंप, आत फक्त नोंदवही: जिओकॅशिंगमधल्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांशावरून लपवलेली पेटी शोधायची, आतल्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि पेटी होती तशी परत ठेवायची. पुष्कळ पेट्यांत देवाणघेवाणीसाठी छोट्या वस्तूही असतात. पन्नास लिटरचं, कधी दोनशे लिटरचंही पिंप सापडतं आणि आत वहीशिवाय काहीच नसतं. अशा वेळी नवख्यांना, मुलांना तर हमखास, वाटतं की सामान कुणीतरी पळवलं. कधीकधी तसं होतंही. पण पुष्कळदा ते पिंप तसंच ठेवलेलं असतं, आणि ते खेळाच्या मुळाला धरूनच आहे. वहीची परंपरा जुनी, वस्तूंची नंतरची.

इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर क्रॅनमीअर पूल नावाची दलदलीची, आडवळणाची जागा आहे. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली तिथे एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोहोचलेला माणूस आपलं कार्ड त्या बाटलीत टाकून येई. १९०५ मध्ये तिथे वही आली, १९३७ मध्ये दगडी पेटी. देवाणघेवाणीच्या वस्तू आत नसत. सुगाव्यांवरून लपवलेली पेटी शोधण्याचा लेटरबॉक्सिंग हा खेळ तिथूनच वाढला.

उपग्रहांवर चालणारा खेळ, म्हणजे जिओकॅशिंग, मात्र वस्तूंनी सुरू झाला. अमेरिका नागरी जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. ही भेसळ मे २००० च्या पहिल्याच दिवसांत बंद झाली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ पाच गॅलनची काळी बादली जमिनीत अर्धवट पुरली. तिच्यात वही आणि पेन्सिल तर होतीच, शिवाय पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, गलोल आणि डबाबंद घेवडाही होता. नियम एवढाच: काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा जगभरात पंचाहत्तर पेट्यांची नोंद होती.

या संकेतस्थळाच्या आजच्या नियमांत ती बादली बसणार नाही. जागेच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय पेटीसाठी जमीन खोदायची नाही, खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि पेटी ठेवायलाही त्याची परवानगी हवी. पेटीत सक्ती उरली ती दोनच गोष्टींची: डबा आणि वही. आकाराचा तक्ता वेगळा आहे. शंभर मिलिलिटरपर्यंत सूक्ष्म, एक लिटरपर्यंत लहान, वीस लिटरपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी. म्हणजे तक्ता डब्याचं आकारमान सांगतो, आतल्या मालाबद्दल काही सांगत नाही. सगळा गैरसमज इथेच होतो.

वस्तू मागे पडल्या त्याला कारणं आहेत. चांगली वस्तू उचलून त्या जागी हलकी ठेवली जाते. असं काही वेळा झालं की पेटीत मोडकी खेळणी, नाणी आणि ओले कागद उरतात. कुणी खाऊ टाकला तर त्याच्या वासावर जनावरं येतात. पेटीचा मालक कंटाळून सगळं काढतो आणि वही ठेवतो. दुसरीकडे काही मालकांनी डब्यालाच आकर्षण केलं: जुनं कपाट, मोठं पिंप, बाद झालेला फ्रीज. शोधणाऱ्याचा आनंद तो डबा बघण्यातच असतो, मग आत खेळणी कशाला?

विदर्भातल्या खेड्यात असं पिंप ठेवायचं तर पहिला शत्रू म्हणजे आतली दमट हवा. दोनशे लिटरचं पिंप सप्टेंबरात दमट हवेत, तीस अंशांना बंद केलं, तर आतल्या हवेत सुमारे सहा ग्रॅम वाफ असते. डिसेंबरच्या रात्री पारा बारा अंशांवर उतरला की त्यातली चारेक ग्रॅम पाणी होऊन झाकणाखाली जमते आणि वहीवर ठिबकते. शंभर मिलिलिटरच्या डबीत हेच पाणी काही मिलिग्रॅम असतं. शिवाय दिवस-रात्रीत पंधरा अंशांचा फरक पडला तर आतली हवा पाच टक्के फुगते आणि आकसते. म्हणजे पिंप रोज दहा लिटर हवा बाहेर टाकतं आणि तेवढीच आत ओढतं. झाकणाचं रबर जरा कडक झालं की पावसाळ्यात ओल आत आलीच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा रबर कडक व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून मोठं पिंप हवाबंद करायच्या भरीस पडू नये. ते फक्त छप्पर समजावं. तळाला पाच-सहा मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडावीत, आतून बारीक स्टीलची जाळी बसवावी. नाहीतर विंचू आणि मुंग्या येतात. आत एक-दोन लिटरचा, रबरी कडेचा आणि चारही बाजूंनी चाप असलेला डबा ठेवावा. त्यात वही, शिसपेन्सिल आणि पन्नास ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. जेल पेन नको. उन्हात शाई गळते आणि ओलीत अक्षर पसरतं. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओलीने भरलं. १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

भोकांचा दुसरा फायदा गावातला आहे. पाण्याची टंचाई असलेल्या गावात निळं पिंप धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बेवारस दिसलं तर कुणीतरी पाण्यासाठी नेणारच, आणि त्यांना दोष देता येत नाही. भोकाचं पिंप कुणी नेत नाही. कीटकनाशकाचं पिंप मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नये. प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध धुऊन जात नाही, आणि त्याला हात लावणारी बहुतेक मुलं असतात.

मुलांमुळेच आणखी एक गोष्ट पाळावी लागते. ज्यात मूल मावतं, अशा पेटीला बाहेरून अडकणारी कडी ठेवू नये. फ्रीजमध्ये अडकून मुलं दगावत, म्हणून अमेरिकेने १९५६ मध्ये दार आतून उघडता आलं पाहिजे असा कायदा केला. पिंपाची लोखंडी कडी काढून नुसतं झाकण ठेवावं आणि आत आडवी फळी ठोकावी, म्हणजे आत शिरायला जागाच उरत नाही.

जागा निवडताना काळ्या मातीत थेट ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पिंप कलंडतं. मुरमाचा थर, वर दोन विटा, मग पिंप. उधईला, म्हणजे वाळवीलाही, थोडा अडसर होतो. मोहाच्या झाडाखाली नको, कारण फुलं वेचण्याआधी पालापाचोळा पेटवतात. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळतात त्या धुऱ्यावरही नको. जुनं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) किंवा पडकी विहीर तर नकोच. पेवात प्राणवायू कमी असू शकतो. स्वतःच्या वावरातल्या मांडवात शेणामातीने लिंपलेली बांबूची जुनी कणगी आम्हाला सर्वांत शोभणारी वाटते. बाहेरून ती धान्याचीच दिसते आणि उन्हात प्लास्टिकसारखी तडकत नाही. मात्र दर पावसाळ्याआधी लिंपावी लागते.

व्याघ्र प्रकल्पांत आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय पायी हिंडणंच चालत नाही, तेव्हा मेळघाट किंवा ताडोब्याच्या हद्दीत पेटीचा विचार नको. गडचिरोलीकडे बेवारस डबा म्हणजे घातपाताची शंका, म्हणून तिथे धातूचा डबा टाळावाच. कुठेही ठेवा, आधी पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला दाखवा. पिंपावर मराठीत ठळक लिहा: "खेळाची पेटी. आत फक्त नोंदवही." हेच वाक्य पेटीच्या वर्णनात पहिल्या ओळीत टाकावं, म्हणजे देवाणघेवाणीसाठी वस्तू घेऊन लांबून येणारं कुटुंब निराश होत नाही.