सेलमच्या ‘विच हाऊस’मध्ये चेटकीण कधीच राहत नव्हती

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम गावी काळपट लाकडी फळ्यांचं एक जुनं घर आहे. ‘विच हाऊस’ या नावामुळे अनेकांना वाटतं, की इथे चेटकिणी राहायच्या आणि त्यांना जिवंत जाळलं गेलं. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

हे घर न्यायाधीशाचं. जोनाथन कॉर्विनने ते १६७५ मध्ये विकत घेतलं. १६९२ च्या चेटूक खटल्यांत आरोपींची प्राथमिक चौकशी करणाऱ्यांत तो होता आणि पुढे खास न्यायालयातही बसला. म्हणजे घराला नाव मिळालं ते त्याच्यासमोर उभ्या केलेल्या माणसांवरच्या आरोपाचं. मला हे फार खटकतं, कारण ती माणसं निरपराध होती.

जाळल्याची समजूत युरोपातून आली असावी. तिथे अनेक देशांत चेटकासाठी जाळत असत. सेलमला मात्र इंग्रजी कायदा लागू होता आणि त्यात शिक्षा फाशीची. १९ जणांना फाशी झाली, त्यांत ५ पुरुष होते. जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याने खटल्याला उभं राहायलाच नकार दिला, तेव्हा अंगावर दगड रचून त्याला चिरडलं. आणखी काही जण तुरुंगात मेले, त्यांत एक तान्हं बाळही होतं.

फाशीही या घरात झाली नाही. ती जागा गावाबाहेरच्या टेकडीवर होती, आणि २०१६ मध्ये अभ्यासकांनी ती प्रॉक्टर्स लेज इथली असल्याचं निश्चित केलं.