क्रुसाभोवतीचं कडं म्हणजे सूर्य नव्हे

‘वेल्समधल्या जुन्या दगडी क्रुसांवरचं गोल कडं म्हणजे सूर्य, सूर्यपूजकांना वळवण्यासाठी ५व्या शतकात एका संताने तो जोडला,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. गोष्ट पटण्याजोगी आहे, पण आधी काळ जुळवून पाहा. दगडातले असे क्रूस साधारण ८व्या-९व्या शतकापासून दिसतात. वेल्सच्याच पेम्ब्रोकशायर परगण्यातल्या नेव्हर्न गावच्या चर्चच्या आवारातला सुमारे ४ मीटर उंचीचा क्रूस तर १०व्या-११व्या शतकातला. म्हणजे मध्ये काही शतकांचं अंतर पडतं.

मग कडं आलं कुठून? रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या ख्रिस्ती कलेत ख्रिस्ताच्या नावाच्या आद्याक्षरांभोवती विजयाची माळ कोरत. तो दुवा जास्त सयुक्तिक वाटतो. शिवाय आडव्या भुजांना कड्याचा आधारही मिळतो.

नेव्हर्नला गेलात तर दिवस कलताना पाहा. भर दुपारी नक्षी सपाट दिसते. तिरप्या उन्हात चारही बाजूंवर दिसतात त्या गुंफलेल्या गाठी आणि कोनदार नक्षी. सूर्याचे किरण नाहीत. वरचा भाग वेगळ्या दगडाचा असून खुंटी-खाचेने बसवलाय, तो सांधाही शोधा. नक्षी उठावी म्हणून खडू मात्र फासू नका, दगडफूलही खरवडू नका. त्यासोबत दगडाचा पापुद्रा निघतो.