कॅदर, विला

अमेरिकन कादंबरीकर्ती (७ डिसेंबर १८७३ – २४ एप्रिल १९४७). नेब्रास्का राज्यातील गवताळ माळरान आणि तिथे युरोपातून येऊन वसलेली शेतकरी कुटुंबे हा तिच्या लेखनाचा गाभा. अमेरिकेतील प्रादेशिक कादंबरीला तिने जी उंची दिली, ती फार थोड्यांना गाठता आली. मात्र ज्या प्रदेशाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले तो तिचा जन्मप्रदेश नव्हता आणि त्यावरच्या मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा ती तिथे राहतही नव्हती.

जन्म व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टरजवळच्या बॅक क्रीक खोऱ्यात झाला. आजी-आजोबा आधीच नेब्रास्काला जाऊन स्थिरावले होते. १८८३ मध्ये वडीलही घरदार आवरून तिकडे निघाले. डोंगरझाडीत वाढलेली नऊ वर्षांची मुलगी एकदम उघड्या माळावर येऊन पडली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमीन मिळे आणि पाच वर्षे तिथे राहून ती कसली की मालकी हक्क लागे. या ओढीने स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन आणि चेक कुटुंबे तिथे आली होती. लाकडाचा दुष्काळ असल्यामुळे कोणी गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून घर बांधी, कोणी टेकाडाच्या पोटात खोदून राही. विला घोड्यावरून या शेजाऱ्यांकडे जाई आणि म्हाताऱ्या बायकांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून त्यांच्या सुटलेल्या गावांच्या हकिकती ऐके. ती स्वतःही नुकतीच मुळासकट उपटली गेली होती. त्या बायकांचे दुःख तिला आतून कळले ते यामुळेच, असे तिच्या कादंबऱ्या वाचताना वाटत राहते.

दीडेक वर्षाने कुटुंब रेड क्लाउड या रेल्वेमार्गावरील गावी राहायला गेले. ब्लॅक हॉक, मूनस्टोन, स्वीट वॉटर अशा वेगवेगळ्या नावांनी हेच गाव तिच्या कादंबऱ्यांत येते. लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठातून १८९५ मध्ये पदवी घेतल्यावर ती पिट्सबर्गला गेली. तिथे तिने पत्रकारिता केली, शाळेत शिकवले आणि कविता-कथांची पहिली पुस्तके काढली. १९०६ पासून न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लुअर्स’ मासिकात ती संपादनाचे काम करू लागली.

१९०८ मध्ये मेन राज्याच्या किनाऱ्यावरील जीवन रंगवणाऱ्या ज्येष्ठ लेखिका सारा ऑर्न ज्युएट यांच्याशी तिची भेट झाली. मासिकाचे काम तुझी ताकद खाऊन टाकते आहे, तुझ्या लेखनाला निवांतपणा हवा, असे ज्युएट यांनी तिला पत्रातून कळकळीने सांगितले. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. कॅदरची पहिली कादंबरी १९१२ मध्ये आली, पण तिच्यात नेब्रास्का नव्हता आणि पुढे ती स्वतःच त्या पुस्तकाला फारसे मोजत नसे. १९१३ ची ‘ओ पायोनिअर्स!’ तिने ज्युएट यांच्या स्मृतीला अर्पण केली. स्वीडिश शेतकऱ्याची मुलगी अलेक्झांड्रा हिच्याभोवती ही कादंबरी फिरते. दुष्काळाने खचलेले भाऊ जमीन विकायला निघतात, तेव्हा ती घट्ट पाय रोवून उभी राहते. स्थलांतरित शेतकरी अमेरिकी कथांतून बहुधा विनोदापुरते येत. एका स्वीडिश स्त्रीला नायिका करणे हे त्या काळी धाडसच होते.

‘माय अँटोनिया’ (१९१८) ही तिची सर्वश्रेष्ठ कादंबरी. अँटोनिया ही व्यक्तिरेखा ॲनी पावेल्का या चेक स्त्रीवरून घेतलेली आहे. ॲनी लहान असताना तिच्या वडिलांनी परक्या मुलखातल्या एकाकीपणात आत्महत्या केली होती. कादंबरीतही ती घटना आहे. सारी गोष्ट सांगतो जिम बर्डन. तो मोठेपणी वकील होऊन पूर्वेकडे गेलेला आहे, त्यामुळे माळरान आपल्याला आठवणीतूनच दिसते. कथानकाला ठळक गाठ नाही. हिवाळे, नांगरणी, नाच, लग्ने असे प्रसंग एकामागून एक येतात. तरीही शेवटी मुलाबाळांनी भरलेल्या घरात अँटोनिया भेटते तेव्हा एक अख्खे आयुष्य पाहिल्याचा प्रत्यय येतो. १९२२ च्या एका निबंधात कॅदरने कादंबरीतले अनावश्यक सामान बाहेर काढण्याचा आग्रह धरला. ‘अ लॉस्ट लेडी’ (१९२३) या छोट्या कादंबरीत ही काटकसर उत्तम साधली आहे.

पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या चुलत भावाच्या आयुष्यावरून सुचलेल्या ‘वन ऑफ अवर्स’ (१९२२) या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हेमिंग्वेने तिच्यातील युद्धप्रसंगांची टर उडवली होती. युद्धाचा भाग खरोखर फिका आहे, पण नेब्रास्कातल्या शेतावर घुसमटणाऱ्या तरुणाचे चित्रण कसदार आहे. न्यू मेक्सिकोतील फ्रेंच धर्मगुरूंवरची ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ (१९२७) माळरानाबाहेरची असूनही तिच्या उत्कृष्ट कादंबऱ्यांत मोडते. शेवटच्या कादंबरीत (१९४०) ती व्हर्जिनियाकडे आणि तिथल्या गुलामगिरीकडे वळली.

तिच्या दृष्टीला एक मोठी मर्यादा होती. नेब्रास्काची जमीन पॉनी आणि इतर मूलनिवासी जमातींची होती. रेड क्लाउड गावाचे नावही एका लकोटा प्रमुखाचे आहे. वसाहतवाल्यांच्या कष्टांविषयी इतक्या समजुतीने लिहिणाऱ्या या लेखिकेच्या माळरानावर ही माणसे जवळपास दिसतच नाहीत.

१९०८ पासून अखेरपर्यंत ती न्यूयॉर्कमध्ये संपादक ईडिथ लुईस हिच्यासोबत राहिली. तिथेच तिचे निधन झाले आणि न्यू हॅम्पशायरमधील जाफ्री येथे दफन झाले. लुईसची कबरही तिच्या शेजारीच आहे. पत्रे छापू नयेत असे कॅदरने मृत्युपत्रात बजावले होते, त्यामुळे अभ्यासकांना कित्येक दशके पत्रांतला मजकूर उद्धृत करता येत नसे. निवडक पत्रे अखेर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. रेड क्लाउडजवळ सुमारे ६०० एकर माळरान तिच्या नावाने राखलेले आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकी संसदभवनातील राज्यांच्या पुतळ्यांच्या संग्रहात नेब्रास्कातर्फे तिचा पुतळा बसवण्यात आला; तो घडवणारे लिटलटन आल्स्टन हे या संग्रहात आपली कलाकृती असलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी शिल्पकार ठरले.