कागद आधी मिटला, पदके नंतर आली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करातून सुटणाऱ्या शिपायाच्या हातात एक कागद पडे: 'डब्ल्यूडी एजीओ फॉर्म ५३-५५'. त्याच्या ३२ व्या चौकटीत लढाया, ३३ व्या चौकटीत पदके आणि ३४ व्या चौकटीत लढाईत झालेल्या जखमा टाइप केलेल्या असत. आज एखाद्या घरात आजोबांच्या पेटीतून हा कागद निघतो. सोबत लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारे जांभळ्या फितीचे पर्पल हार्ट पदकही निघते, आणि ३४ व्या चौकटीत मात्र 'काही नाही' असा शेरा असतो. नातवंडे चक्रावतात. पदक खोटे की कागद खोटा?

माजी सैनिकांच्या कुटुंबांत या कोड्याचे उत्तर ठरलेले आहे: 'सेंट लुईसची आग', म्हणजे १९७३ मध्ये लष्करी नोंदींच्या इमारतीला लागलेली. उत्तर खोटे नाही, पण आगीच्या माथी जरा जास्तच मारले जाते. सेवा-नोंदीत नसलेल्या पदकांपैकी बरीचशी आग लागण्याच्या पाव शतक आधीच गळाली होती. कारण साधे आहे. शिपायाचा कागद तो घरी निघाला त्या दिवशी बंद झाला आणि पदकांचा हिशेब पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला.

मे १९४५ मध्ये युरोपातले युद्ध संपले तेव्हा कोणाला आधी घरी पाठवायचे हे गुणांवर ठरू लागले. नोकरीच्या दर महिन्याला एक गुण, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, प्रत्येक मोहीम-तारा किंवा शौर्यपदकाला पाच, आणि मुलांमागे बारा, तेही जास्तीत जास्त तीन मुलांपर्यंत. ८५ गुण भरले की घरचा रस्ता मोकळा. पदकाची नोंद करून घेण्याची धडपड एरवी कोणी केली नसती, ती या पाच गुणांसाठी झाली. पण ज्याचे ८५ आधीच भरले होते त्याने रांगेत उभे राहून कारकुनाशी वाद का घालावा? आणखी एक पदक लिहून घ्यायचे म्हणजे ऑर्डरचा क्रमांक शोधा, पलटणीला पत्र पाठवा, उत्तराची वाट पाहा. तोवर बोट निघून जाणार. लोकांनी सही केली आणि घर गाठले.

त्यातून त्या क्षणी अनेक पदके अस्तित्वातच नव्हती. युरोप-आफ्रिका-मध्यपूर्व मोहिमेचे पदक नोव्हेंबर १९४२ मध्ये जाहीर झाले, पण युद्ध चालू असताना सैनिकांना फक्त त्याची फीत मिळाली. धातूचे पदक १९४७ मध्ये आले. ताबा-सेनेचे पदक, म्हणजे पराभूत जर्मनी-जपानमध्ये तैनात राहिलेल्यांचे, १९४६ मध्ये ठरले. आख्ख्या तुकडीला मिळणारे सन्मान तर याहून उशिरा जाहीर होत राहिले. कोणत्या पलटणीला कोणता सन्मान लागू आहे हे एका जागी पाहता यावे म्हणून लष्कराला १९६१ मध्ये स्वतंत्र नोंदवही छापावी लागली, 'पॅम्फ्लेट ६७२-१'. तोवर त्या पलटणीतले लोक शेतीत, कारखान्यांत, विमा कंपन्यांत रुळून गेले होते.

यातला सर्वांत ठळक नमुना ब्राँझ स्टारचा. वैमानिकांना १९४२ पासून एअर मेडल मिळू लागले आणि चिखलात झोपणाऱ्या पायदळाला तसे काही नाही, याचा सैन्याच्या मनोबलावर परिणाम होतो असे सरसेनापती जॉर्ज मार्शल यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना फेब्रुवारी १९४४ मध्ये लिहिले. लगेच ४ फेब्रुवारीला ब्राँझ स्टार मंजूर झाला. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, प्रत्यक्ष लढलेल्या पायदळासाठी निळ्या पट्टीवर बंदूक असलेला 'काँबॅट इन्फंट्री बॅज' आला होता. मग १९४७ मध्ये धोरण ठरले: युद्धकाळात हा बॅज किंवा लढाईतल्या वैद्यकीय सेवकांचा बॅज ज्याला मिळाला, तो ब्राँझ स्टारलाही पात्र. मागील तारखेपासून. मात्र पदक आपोआप घरी येणार नव्हते, अर्ज करायचा होता. दोन वर्षांपूर्वी गणवेश उतरवलेल्या माणसाला ही बातमी कोण सांगणार? असंख्य लोक ब्राँझ स्टारचे मानकरी असूनही ते न कळता जगले, आणि त्यांच्या ३३ व्या चौकटीत फक्त बॅज राहिला.

ही सवय पुढेही सुटली नाही. १९८५ मध्ये युद्धकैद्यांचे पदक निर्माण झाले आणि त्याची पात्रता थेट ५ एप्रिल १९१७ पासून धरली गेली. दक्षिण कोरियाने १९५१ मध्ये देऊ केलेले युद्धसेवा पदक अमेरिकेने स्वीकारायला १९९९ उजाडले. कोरियातल्या तैनातीचे 'कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल' २००२ च्या कायद्याने आले, लागू मात्र २८ जुलै १९५४ पासून. १ जानेवारी १९५० पासून सर्व दलांसाठी 'डीडी-२१४' हा एकच कार्यमुक्ती फॉर्म आला, रकाने सुधारले, पण कागद आणि पदक यांच्यातले हे अंतर कोणता फॉर्म मिटवणार?

आता आग. सेंट लुईसजवळच्या ओव्हरलँड गावातली लष्करी नोंदींची सहा मजली इमारत १९५६ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभारले. कागदपत्रांच्या गोदामात आग विझवणारे पाण्याचे स्प्रिंकलर लावावेत की नाही यावर त्या काळी अभिलेखपालांतच दोन तट होते. आगीपेक्षा गळक्या नळाने जास्त नुकसान होईल, अशी एका तटाला भीती. इमारत स्प्रिंकलरशिवाय झाली. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर सोळा मिनिटांनी आगीची वर्दी गेली. पहिला बंब काही मिनिटांतच आला, पुढे ४२ अग्निशमन विभाग आले, तरी सहावा मजला २२ तास आवरता आला नाही. आग पूर्ण विझल्याचे १६ जुलैला जाहीर झाले. कारण कधीच निश्चित झाले नाही.

१ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात होत्या. हवाई दलाचा हिशेब तर विचित्रच: सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ मध्ये सुटलेल्यांपैकी वर्णानुक्रमे 'हबर्ड, जेम्स ई.' या नावानंतरच्या तीनचतुर्थांश फायली जळाल्या, त्याआधीची नावे वाचली. कोणाची नोंद राहिली हे आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरले. फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, सूचीही नव्हती. त्यामुळे जळालेल्यांत नेमके कोण होते हेही सांगता येईना.

नौदल आणि मरीन दलाच्या फायलींना मात्र धक्का लागला नाही. म्हणून नौदलातल्या आजोबांची नोंद 'आगीत गेली' असे कोणी म्हणाले, तर समजावे की उत्तर ऐकीव आहे.

उरलेल्या कागदांना जुलैच्या उकाड्यात बुरशी धरू लागली. भिजलेल्या फायली दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीत नेल्या. तिथे अंतराळवीरांच्या मोहिमांसाठी अवकाशातल्या निर्वाताचा आभास निर्माण करणारा एक प्रचंड कक्ष होता. मर्क्युरी-जेमिनीच्या त्या कक्षात शिपायांचे कागद वाळवले गेले. सुमारे ६५ लाख फायली अशा वाचल्या. कडा करपलेल्या त्या फायलींना 'बी' फायली म्हणतात. मूळ फाईल गेली आणि इतर कागदांवरून नवी उभी केली, तर ती 'आर' फाईल.

ही पुनर्बांधणी कशावरून होते, ते पदकांच्या बाबतीत फार महत्त्वाचे. प्रत्येक कंपनी रोज 'मॉर्निंग रिपोर्ट' लिहीत असे: कोण आला, कोण गेला, कोण जखमी होऊन इस्पितळात गेला. शेवटच्या पगाराचे व्हाउचर वेगळ्या ठिकाणी होते, ते वाचले. आणि १९८८ मध्ये एक घबाड हाती लागले. लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयाने १९४२ ते ४५ आणि १९५० ते ५४ या काळातल्या इस्पितळ-प्रवेशांची संगणकीय फितींवर जपलेली सुमारे एक कोटी टिपणे. त्यांत नावे नाहीत, फक्त सेवाक्रमांक. पण पर्पल हार्टसाठी नियम असा की जखम शत्रूच्या कारवाईतली हवी, तिच्यावर वैद्यकीय उपचार झालेले हवेत आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद हवी. खंदकात मेडिकने पट्टी बांधून शिपाई पुन्हा मोर्चावर गेला तर ही तिसरी अट कुठून पुरी व्हायची? ज्यांचे क्रमांक या फितींवर सापडले त्यांना तरी आधार मिळाला.

चूक सुधारण्याचा कायदेशीर रस्ता मात्र आगीहून बराच जुना आहे. १९४६ पर्यंत ज्याला आपली लष्करी नोंद बदलून हवी असे तो आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याला गाठे, आणि तो सदस्य त्या एका माणसासाठी खासगी विधेयक मांडे. एका शिपायाच्या एका चौकटीसाठी देशाच्या संसदेत विधेयक! महायुद्धानंतर लाखो माणसे सुटणार होती, हे चालणे शक्य नव्हते. १९४६ च्या पुनर्रचना कायद्याने अशी खासगी विधेयके बंद केली आणि प्रत्येक दलाच्या मंत्र्याला नागरी मंडळामार्फत नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार दिला. आजच्या अमेरिकी कायदेसंहितेच्या १० व्या विभागातले कलम १५५२ ते हेच. 'चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे' हा त्याचा गाभा. फॉर्म 'डीडी-१४९'. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत, पण न्यायाच्या हितासाठी ती माफ करण्याची मंडळाला मोकळीक. मृत सैनिकाच्या वतीने पती-पत्नी, मुले, भावंडे अर्ज करू शकतात. लष्कराने केले ते बरोबरच असणार, असे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते. पुरावा आणायचा अर्जदाराने.

या मंडळाच्या हातून एक दुरुस्ती तर साठ वर्षांनी झाली. मेरी वॉकर या अमेरिकी यादवी युद्धातल्या डॉक्टर, 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळालेली आजवरची एकमेव स्त्री. १९१७ मध्ये ९११ जणांची नावे मानकऱ्यांच्या यादीतून काढली गेली, त्यांत त्या होत्या. त्यांनी पदक परत केले नाही, १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते छातीवर लावले. १९७७ मध्ये लष्कराच्या दुरुस्ती मंडळाने त्यांचे नाव यादीत परत घेतले.

पण मंडळ जे मिळाले होते किंवा नियमाने मिळायला हवे होते ते लिहू शकते. शिफारसच झाली नाही, किंवा झाली आणि टेबलावरच राहिली, तर काय? तिथे गणित बदलते. पहिल्या महायुद्धातले कृष्णवर्णीय कॉर्पोरल फ्रेडी स्टोवर्स २८ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये पडले. त्यांची मेडल ऑफ ऑनरची शिफारस पुढे सरकलीच नाही. ते पदक त्यांच्या बहिणींच्या हाती १९९१ मध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला हा सन्मान मिळाला नव्हता. १९९३ पासून त्याची छाननी झाली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना तो दिला गेला. सातांपैकी हयात होते एकटे व्हर्नन बेकर. अशा मुदत उलटलेल्या प्रकरणांसाठी १९९६ मध्ये कलम ११३० आले: काँग्रेस सदस्याच्या विनंतीवरून लष्कराने जुनी शिफारस गुणदोषांवर तपासायची. म्हणजे १९४६ मध्ये ज्या दारातून लोकांना बाहेर काढले, त्याचीच एक खिडकी पन्नास वर्षांनी उघडली.

आग, वर्णभेद आणि हरवलेली शिफारस हे तिन्ही वेव्हर्ली वुडसन यांच्या बाबतीत एकत्र आले. शत्रूची विमाने अडवायला फुगे सोडणाऱ्या ३२० व्या बराज बलून बटालियनचे हे कृष्णवर्णीय मेडिक ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना सुमारे तीस तास जखमींवर उपचार करत राहिले. त्यांची फाईल १९७३ मध्ये जळाली. वरच्या दर्जाच्या पदकाची शिफारस झाली होती असे सुचवणारी व्हाइट हाउसला लिहिलेली एक चिठ्ठी ट्रुमन ग्रंथालयात मिळाली, कारण ती लष्कराच्या फायलींत नव्हतीच. वुडसन २००५ मध्ये वारले. मेडल ऑफ ऑनरच्या खालोखालचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस त्यांना २०२४ मध्ये मंजूर झाला.

सामान्य शिपायाची दुरुस्ती अशी गाजत नाही. मूळ डीडी-२१४ वर खाडाखोड होत नाही, ते होते तसेच राहते. 'डीडी-२१५' नावाचा दुसरा कागद तयार होतो, त्यात राहून गेलेले पदक टाइप होते, आणि तो पहिल्याला जोडला जातो.