गेमिंगसाठी कुठला डिस्ट्रो, हा घोळ सुरू कुठून झाला

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची एखादी तयार आवृत्ती. गेमिंगसाठी त्यातली कुठली घ्यायची, हा आधी प्रश्नच नव्हता, कारण लिनक्सवर खेळायला होतंच काय? विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाईन १९९३ पासून आहे, लोकी नावाच्या कंपनीने १९९८ पासून विंडोजचे गेम लिनक्सवर आणून विकायचा प्रयत्न केला आणि २००२ ला गाशा गुंडाळला. २०१३ ला स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आलं तरी गेम मोजकेच.

सगळं फिरलं २०१८ ला. ऑगस्टमध्ये स्टीमवाल्या वाल्व कंपनीने प्रोटॉन नावाचं साधन दिलं, विंडोजचे गेम एका क्लिकवर चालायला लागले, पण त्याच वर्षी जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्या सुरक्षेतल्या त्रुटी बाहेर आल्या होत्या, म्हणजे गेम यायला आणि प्रोसेसरच्या भोकांना ठिगळं लावायला एकच मुहूर्त, आणि ती ठिगळं स्पीड खाणारी. तेव्हापासून "मिटिगेशन्स ऑफ कर, एफपीएस वाढतील" हा सल्ला फिरतोय, म्हणजे ठिगळं काढून टाक, गेम सेकंदाला जास्त फ्रेम दाखवेल. मला तो पटत नाही, नव्या प्रोसेसरमध्ये बरीचशी दुरुस्ती हार्डवेअरमध्येच असते त्यामुळे हाती फार काही लागत नाही, आणि त्याच मशीनवर ब्राउझर वेबसाइटवरचा कुणाकुणाचा कोड चालवत बसतो, त्यासाठी ठिगळं हवीतच.

स्प्लिट लॉकच्या प्रकरणात मात्र गेमरचीच बाजू खरी. एखादा प्रोग्राम दोन कॅश लाइनवर (प्रोसेसरच्या जलद मेमरीतले छोटे तुकडे) पसरलेल्या डेटावर लॉक घेतो, म्हणजे काम होईपर्यंत इतरांना त्याला हात लावू देत नाही, तेव्हा बाकीच्या कोअरनाही थांबावं लागतं, कुणी मुद्दाम केलं तर अख्खं मशीन रखडेल, म्हणून २०२२ च्या ५.१९ कर्नलने (लिनक्सचा गाभा) अशा प्रोग्रामलाच मुद्दाम हळू करायला सुरुवात केली. झालं, गॉड ऑफ वॉरसारखे गेम रडायला लागले! शेवटी ६.२ मध्ये ते बंद करायचं बटण दिलं.

डिस्ट्रोचं म्हणाल तर वाल्वचा स्वतःचा डिस्ट्रो स्टीमओएस आधी डेबियन या डिस्ट्रोवर बेतलेला होता, २०२२ ला स्टीम डेक या वाल्वच्या हातातल्या गेमिंग मशीनसोबत आर्च डिस्ट्रोवर गेला कारण ताजा कर्नल आणि ताजं मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) हवं, मग बाकीचेही रोलिंगच्या, म्हणजे सतत ताजे अपडेट देणाऱ्या डिस्ट्रोंच्या मागे धावले. पण ताजं म्हणजे सगळंच ताजं. मार्च २०२४ ला फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप ठेवलेला चोरदरवाजा सापडला, तो पोचला होता रोलिंग आणि टेस्टिंग (अजून चाचणीत असलेल्या) आवृत्त्या वापरणाऱ्यांकडेच, डेबियनची जुनी-पक्की स्टेबल आवृत्ती वाचली. आणि सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून.