उंदरांबद्दल फोनवर जे विचारता ते सगळं एकत्र (आमच्या ॲनिमल हाऊसवाल्या, म्हणजे प्रयोगाचे प्राणी पाळणाऱ्या ग्राहकांसाठी)

आपण आमच्याकडून पिंजरे, पाण्याच्या बाटल्या, कॉर्न कॉब बेडिंग (पिंजऱ्यात खाली पसरायचा मक्याच्या कणसाचा भुसा) घेता. उंदीर आम्ही विकत नाही, तरी निम्मे फोन उंदरांबद्दलच येतात आणि विचारणारी बहुतेक पीएचडीची मुलं असतात, ज्यांचं अख्खं वर्ष त्या पिंजऱ्यांवर अवलंबून असतं, म्हणून एकदाचं लिहूनच देतोय.

आधी नाव. उंदरांच्या ऑर्डरमध्ये नुसतं 'ब्लॅक सिक्स' लिहू नका हो! ही प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांची जात, पूर्ण नाव सी५७बीएल/६. तिच्या दोन मोठ्या शाखा आहेत, जे आणि एन. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबचे काही उंदीर एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला गेले, तेव्हापासून दोन्हीकडचे वेगवेगळे वाढत गेले आणि आज जे मध्ये एनएनटी जीन बिघडलेलं आहे म्हणून इन्सुलिन कमी सुटतं, तर एन मध्ये आरडी८ म्युटेशन आहे जे डोळ्याच्या पडद्याला बाधतं. आता नॉकआऊट (एखादं जीन बंद केलेला उंदीर) एन वर बनलेला आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा साधा उंदीर) आणला जे चा, तर रक्तातल्या साखरेत दिसलेला फरक तुमच्या जीनचा की शाखेचा, हे कसं सांगणार? दोन वर्षांचं काम जातं हो यात, फार वाईट वाटतं. पिंजऱ्यावरच्या केज कार्डवर पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा.

नाव तपासायला 'माऊस जिनोम इन्फॉर्मॅटिक्स' बघा, जॅक्सन लॅबचाच डेटाबेस आहे, फुकट. कुठला स्ट्रेन (उंदरांची जात) जगात कुठे जिवंत आहे, कुठे नुसते गोठवलेले भ्रूण आहेत ते 'इंटरनॅशनल माऊस स्ट्रेन रिसोर्स'वर कळतं. पण बाहेरून मागवायच्या आधी आपल्याकडे विचारा, खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आहे, पुण्यात आयसर आणि एनसीसीएस या संशोधन संस्था आहेत. घ्यायचे ते नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच, आणि फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरून संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी.

आता ब्रीडिंग. गर्भ १९ ते २१ दिवस, पिल्लं २१व्या दिवशी वेगळी. मादी व्याल्यावर २४ तासांच्या आत परत माजावर येते, नर आत असेल तर लगेच गाभण राहते, तेव्हा पुढची वेत यायच्या आत आधीची पिल्लं काढा नाहीतर पिंजरा गच्च होतो. बऱ्याच माद्या एकदम माजावर हव्या असतील तर नराचं वापरलेलं बेडिंग त्यांच्या पिंजऱ्यात टाका, तिसऱ्या रात्रीपर्यंत बऱ्याचशा तयार होतात. उलट नुकत्याच गाभण मादीजवळ अनोळखी नर ठेवला तर नुसत्या वासाने बऱ्याचदा गर्भ टिकत नाही.

बेडिंगला पाईन किंवा देवदारचा भुसा नको म्हणजे नको. त्यातल्या तेलांनी लिव्हरची एन्झाइम्स वाढतात आणि औषधाच्या प्रयोगाचे आकडेच बदलतात. बजेट नसेल तर आमचं घेऊ नका, चालेल, पण ऑटोक्लेव्ह केलेलं भाताचं तूस वापरा.

शेपटीला धरून उचलू नका, ओंजळीत घ्या किंवा नळीतून न्या, उंदीर खूप कमी घाबरतो. एका ग्राहकाकडे शेजारच्या खोलीत ड्रिलिंग चालू होतं तेव्हा माद्यांनी पिल्लं खाल्ली होती, तेव्हा असलं काम निघालं तर माद्या आधीच हलवा आणि पिंजरा बदलताना थोडं जुनं घरटं नव्यात ठेवा.

ऑर्डर देताना गाभण माद्या किती आहेत ते सांगा, घरट्याचा कागद वेगळा बांधून पाठवतो.