चौथी तार : एसीचे दोन डबे बोलायला कधी लागले?

नाशिकमध्ये दहा वर्षांपूर्वी एसीच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर यायचा : “इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावर पण चालेल ना?” दुकानदार हसायचा, पण विचारणाऱ्याचं काही चुकत नव्हतं. २००५ नंतरची सात-आठ वर्षं ज्यांनी भारनियमनात काढली, त्यांच्या लेखी इन्व्हर्टर म्हणजे जिन्याखाली नाहीतर गॅलरीत ठेवलेली, मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी आणि तिच्यावर घरघरणारी पेटी. दोन पंखे, दोन ट्यूब आणि टीव्ही एवढ्यावर त्या पेटीचा जीव संपायचा. तोच शब्द आता चाळीस हजारांच्या एसीवर चिकटवलेला दिसल्यावर माणूस दुसरं काय समजणार?

नाव एकच आहे, कारण मुळात काम एकच आहे : डीसी विजेची एसी वीज करणं. (इथे एसी म्हणजे प्रत्यावर्ती, दिशा बदलत राहणारा प्रवाह, भिंतीवरचं यंत्र नव्हे; डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. गोंधळात ही आणखी एक भर.) बॅटरीवरची पेटी बारा व्होल्ट डीसीपासून ५० हर्ट्‍झची वीज तयार करते आणि घराला देते. एसीमधल्या इन्व्हर्टरचं गिऱ्हाईक एकच, कॉम्प्रेसर. आउटडोअरमधल्या, म्हणजे स्प्लिट एसीच्या बाहेर बसवलेल्या डब्यातल्या, बोर्डवर २३० व्होल्टची वीज आधी साधारण सव्वातीनशे व्होल्ट डीसी होते, मग तिच्यापासून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेजची वीज बनते. फ्रिक्वेन्सी उतरली की कॉम्प्रेसर हळू, चढली की जोरात. बाहेरून वीजच आली नाही, तर हा इन्व्हर्टरही उपाशी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे ‘डीसी इन्व्हर्टर’ आलं, म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर ब्रशलेस डीसी जातीची. मग ‘ड्युअल’ आलं. लोकांना वाटलं, आत दोन इन्व्हर्टर असतील. प्रत्यक्षात तो उल्लेख कॉम्प्रेसरमधल्या जोड रोटरचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या दोन फिरत्या भागांचा. त्यावर कडी म्हणून ‘कन्व्हर्टिबल’. माझ्या ओळखीच्या एका काकांनी हा एसी थंडीत गरम हवाही देईल या भरवशावर घेतला. डिसेंबरात रिमोट घेऊन बसले, तेव्हा कळलं की कन्व्हर्ट होते ती फक्त क्षमता : दीड टनाचं यंत्र हवं तर एक टनापुरतं चालवायचं. गरम हवेसाठी गॅसची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह लागतो, तो ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेलमध्ये असतो, आणि तसं मॉडेल आपल्याकडे मागणारे थोडे. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी येते तेव्हा दोन-चार चौकशा होतात, संक्रांत झाली की त्या विरतात.

माझं म्हणणं असं की या शब्दांच्या जत्रेत मुख्य बदल कुणी गिऱ्हाइकाला सांगितलाच नाही. कॉम्प्रेसर हळू-जोरात फिरू शकतो, हे मान्य. पण किती जोरात फिरायचं ते त्याला सांगणार कोण? खोलीत किती उकडतंय ते इनडोअरला, म्हणजे खोलीतल्या डब्याला, कळतं. कॉम्प्रेसर बसलाय गच्चीवर. या दोघांत बोलणं सुरू झालं, हा खरा बदल. वेग बदलणं त्याच्या मागून येतं.

त्याआधी बोलणं नव्हतं, फक्त हुकूम होता. खोलीतल्या तापमानावरून विजेची घंटी वाजवणारा थर्मोस्टॅट अमेरिकेतल्या एका शिक्षकाने १८८३ मध्ये पेटंट केला. ब्रुकलिनच्या छापखान्यात दमटपणाने कागद आकसू-फुगू नये म्हणून १९०२ मध्ये हवा थंड आणि कोरडी करण्याची योजना झाली. तेव्हा आपल्या जुन्या नाशकात जाड भिंतींचे वाडे, मधला चौक, थंडीत शेगडी आणि सकाळी आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब, एवढ्यावर दोन्ही ऋतू निभत होते. पुढची जवळपास शंभर वर्षं थर्मोस्टॅटच्या भाषेत शब्द दोनच राहिले, चालू आणि बंद. विंडो एसीतला तो ‘टिक’ आवाज आणि पाठोपाठ कॉम्प्रेसरचा दणका ज्यांच्या झोपेत मुरलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत हा दोन शब्दांचा कारभार जास्त पसरला, कारण तिथे घर गरम करायचं यंत्र आणि थंड करायचं यंत्र वेगवेगळं, पण हवा नेणारा डक्ट एकच. तळघरात गॅसची फर्नेस (भट्टी), अंगणात कंडेन्सर (एसीचा बाहेरचा डबा), भिंतीवर थर्मोस्टॅट आणि मधे २४ व्होल्टच्या रंगीत तारा. पिवळ्या तारेवर वीज आली की कॉम्प्रेसर, पांढरीवर आली की फर्नेस, हिरवीवर आली की पंखा. प्रत्येक कामाला एक तार. यंत्रं दोन-दोन वेगांची व्हायला लागली तशा तारा वाढल्या आणि भिंतीतली वायर पुरेना. साधारण वीस वर्षांपूर्वी तिथल्या मोठ्या कंपन्यांनी चारच तारा ठेवल्या : दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. थर्मोस्टॅट आता ‘चालू’ म्हणत नाही, ‘चाळीस टक्के पुरे’ म्हणतो. मग आतला पंखा कॉम्प्रेसरच्या चालीने आपली चाल ठरवतो, जिथे हीट पंप (उलटं चालून घर गरमही करणारा एसी) असेल तिथे बाहेर कडाक्याची थंडी पडली की तो थांबून फर्नेस पेटते, आणि फिल्टर तुंबून हवा अडली तर ते थर्मोस्टॅटच्या पाटीवर लिहून येतं.

आपल्याकडे डक्ट नाही. आपल्या स्प्लिटचा वंश जपानी. वेग बदलणारा घरगुती एसी जपानने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आणला होता, आणि एका आउटडोअरवर अनेक खोल्या चालवणारी पद्धतही तिथलीच, १९८२ ची. इथे पोचायला त्याला तीस वर्षं लागली.

जुन्या स्प्लिटला इनडोअरपासून आउटडोअरपर्यंत तीन कोअरची वायर पुरायची : फेज, न्यूट्रल, अर्थिंग. इनडोअरमधला रिले (विजेवर चालणारा स्विच) फेज सोडायचा, आउटडोअर सुरू. नव्यात चौथी तार आली, सिग्नलची. इनडोअरवर खोलीच्या हवेचा आणि कॉइलचा सेन्सर, आउटडोअरवर बाहेरच्या हवेचा आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तापलेल्या गॅसचा. या सगळ्यांचे आकडे त्या एका तारेवरून दर थोड्या सेकंदांनी इकडून तिकडे जात राहतात. खोली सेट केलेल्या तापमानाच्या जवळ आली की इनडोअर तसं कळवतो, कॉम्प्रेसर चाल कमी करतो आणि बऱ्याच यंत्रांत गॅसचा झडपही त्या मानाने आवळला जातो.

आमच्या घरी या तारेची ओळख जूनच्या पहिल्या पावसात झाली. जुना एसी काढून नवा बसवताना आलेल्या मुलाने भिंतीतली तीन कोअरची वायर तशीच ठेवली, चौथी तार बाहेरून ओढली आणि कठड्यावर जोड देऊन काळी टेप गुंडाळली. दोन महिने एसी उत्तम चालला. पाऊस आला, जोडात पाणी गेलं, तांब्यावर हिरवट थर चढला, आणि पॅनलवर एरर कोड झळकायला लागला. ज्यांनी एसी विकला त्यांच्याकडून आलेल्या माणसाने न उघडताच निदान केलं, “बोर्ड गेलाय,” आणि आकडा सांगितला तो निम्म्या एसीचा. शेवटी कॉलेज रोडच्या एका जुन्या मेकॅनिकने टेप सोडली, तार कापली, अखंड चार कोअर टाकली. बोर्ड अजून तोच आहे.

जुन्या मेकॅनिकांचा या पिढीवरचा राग मला त्या दिवशी कळला. चालू-बंदवाल्या एसीचा बोर्ड गेला की युनिव्हर्सल किट बसवून काम भागायचं. इनडोअर एका कंपनीचा, आउटडोअर दुसऱ्याचा, तरी खोली थंड. आता तशी जोडी लावली तर कॉपरची नळी जुळते, गॅस जुळतो, भाषा जुळत नाही. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी आणि ती बाहेरच्याला शिकवलेली नाही. गंमत म्हणजे याच शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनल वायरिंग करणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. कारखान्यात मॉडबस, म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची भाषा, १९७९ पासून आहे, खुली आहे. एका कंपनीचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी पेटी) दुसरीच्या पीएलसीशी (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी) बोलतो, त्याचं कुणाला नवल नाही. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनासाठी बॅकनेट ही तशीच भाषा १९९५ मध्ये मानक म्हणून आलं. घराच्या वाट्याला मात्र बंद बोली आली.

सरकारी धोरणाचा हात यात आहे, पण तो चौथ्या तारेपर्यंत पोचत नाही. एसीवर वीजबचतीचे तारे (स्टार रेटिंग) लावणं २०१० मध्ये सक्तीचं झालं, तेव्हा परीक्षा एकाच प्रसंगाची होती : बाहेर ३५ अंश, यंत्र पूर्ण ताकदीने. त्यात हळू चालण्याचा गुण दिसायची सोयच नव्हती. २०१५ मध्ये इन्व्हर्टरसाठी ऐच्छिक असं वेगळं कोष्टक निघालं, आणि तीन वर्षं दुकानात दोन जातींचे तारे शेजारीशेजारी टांगलेले होते. तीन तारेवाला इन्व्हर्टर घ्यावा की पाच तारेवाला साधा, हे विक्रेत्यालाही धड सांगता यायचं नाही. २०१८ मध्ये दोन्ही एका मापात आले. हे माप २४ ते ४३ अंशांपर्यंतचे वेगवेगळे दिवस आणि वर्षाचे १६०० तास धरून काढतात. मला ते नाशिकला लागू पडतं असं वाटतं, कारण एप्रिलातही इथली रात्र उतरते आणि पहाटे कॉम्प्रेसर नुसता गुणगुणत असतो. पुढे १ जानेवारी २०२० पासून नवा एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू व्हायला हवा, असा नियम आला. जून २०२५ मध्ये २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार केंद्रातून जाहीर झाला, त्यावर रिमोटच्या स्वातंत्र्याची बरीच चर्चा झाली.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या घरगुती उपकरणांना एकच भाषा देणारं ‘मॅटर’ २०२२ मध्ये आलं. थर्मोस्टॅट त्यात पहिल्यापासून होता, खोलीतला एसी पुढच्या वर्षी आला. पण ते बोलणं फोन आणि इनडोअर यांच्यातलं. गच्चीवरच्या डब्यापर्यंत जाणाऱ्या चौथ्या तारेवर काय चालतं, ते आजही ज्या त्या कंपनीच्या तिजोरीत आहे, आणि कठड्यावरच्या जोडाला टेप आजही काळीच गुंडाळतात.